खाली दुकान, वर घर: अशी जुनी इमारत बघताना मान आधी वर करा

गजबजलेल्या रस्त्यावरची, दोन्ही अंगांच्या भिंती शेजाऱ्यांशी सामाईक, खाली दुकान आणि वर दोन-तीन मजले घर अशी जुनी इमारत विकायला निघाली की फोटो ठरलेले असतात: लाकडी जिना, उंच छत, नक्षीदार दर्शनी भाग. ते नंतर बघा. आधी दुकानात शिरा आणि मान वर करा. अशा इमारतीची खरी दुखणी बहुतेक वेळा दुकान आणि घर यांच्या सांध्यात असतात.

दुकानाचं तोंड रुंद ठेवायचं म्हणून तळमजल्याला समोर भिंतच नसते. वरच्या मजल्यांची अख्खी दर्शनी भिंत एका तुळईवर उभी असते, आणि नेमकी तीच तुळई दुकानाच्या पाटीमागे झाकलेली असते. पाटीची एखादी फळी तरी काढून बघू द्या, असा आग्रह धरा. तुळई लाकडी असेल तर भिंतीत गेलेली टोकं तपासायची, कारण ओल तिथेच मुरते. स्क्रूड्रायव्हरचं टोक दाबा. धड लाकूड दाद देत नाही, कुजलेल्यात ते लोण्यासारखं आत जातं. वरून रंग मात्र दोन्हीचा सारखाच चकचकीत! लोखंडी गर्डर असेल तर गंज पाहा. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, त्यामुळे गर्डर फुगून वरच्या विटा उचलतो आणि आडवी भेग पडते. तुळई वाकली असेल तर पहिल्या मजल्याच्या खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी भेग निघते. केसाएवढ्या भेगेने घाबरू नये. ५ मिमीहून रुंद, किंवा एका टोकाला बारीक आणि दुसरीकडे फाकत गेलेली भेग दिसली, तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवल्याशिवाय बयाणा देऊ नका.

आता दुकानाचं छत, म्हणजेच घराची जमीन. लाकडी कड्या (जमीन पेलणारे आडवे वासे), वर फळ्या, खालून गिलावा. दुकानात लागलेली आग वर जायला किती वेळ लागेल, हे या थरावर ठरतं. गिलावा चांगला असला तरी पाइप आणि वायरींसाठी पाडलेली भोकं तशीच उघडी राहिलेली असतात आणि धूर त्यांतूनच चढतो. घराचा जिना दुकानातूनच जात असेल, तर तो प्रश्न भोकं बुजवून सुटणार नाही, वेगळी वाट काढावी लागेल. ती काढायला जागा आहे का, हे मोजून बघा. आवाजाचंही तसंच. नुसती जड सतरंजी टाकून खालच्या स्पीकरचा ठोका थांबत नाही. खाली दुसरं छत कड्यांपासून सुटं टांगावं लागतं आणि त्यात दुकानाची चांगली वीतभर उंची जाते.

ओलीचं कारण पुष्कळदा मागच्या दुरुस्तीतच सापडतं. जुनं बांधकाम चुन्याचं असतं आणि ते ओल घेतं, सोडतं. कुणीतरी 'पक्कं काम' म्हणून दर्जा, म्हणजे विटांमधले सांधे, सिमेंटने भरतो. मग ओल सांध्यातून निघायची बंद होते, विटेतून निघते आणि विटेचे पोपडे सुटतात. उपाय कंटाळवाणा आहे: सिमेंट हाताने, छिन्नीने खरवडून काढायचं आणि पुन्हा चुना भरायचा. ग्राइंडर लावला तर विटेची धार गेलीच म्हणून समजा.

कागदांत तीन गोष्टी. वरचे मजले राहण्यासाठी मंजूर आहेत का, की कधीकाळचं गोदाम गुपचूप घर झालंय? दुकानातल्या भाडेकरूचा करार किती वर्षं उरलाय, आणि छप्पर गळलं तर खर्च कुणाचा? वारसा यादीत नाव असेल तर खिडक्या आणि पाटीसुद्धा परवानगीशिवाय बदलता येत नाहीत, तेव्हा आधीच्या मालकाने केलेल्या बदलांच्या परवानगीचे कागद त्याच्याकडे मागा. नाहीतर ते निस्तरणं तुमच्या गळ्यात येतं. कर्जाचंही आधीच विचारा. दुकान असलेल्या इमारतीला बँक निव्वळ घरासारखं धरेलच असं नाही.

शेवटी वरच्या मजल्यावरचे सगळे नळ एकदम सोडा आणि खाली दुकानाच्या मोरीपाशी उभे राहा. दोघांचं सांडपाणी एकाच नळीतून जात असेल आणि ती तुंबलेली असेल, तर पाणी तिथेच वर येईल. खाली खानावळ असेल तर नळीत चरबी साचलेली असतेच. तेव्हा कॅमेरा घालून तपासणी करा, आणि ती व्यवहाराआधी.