कोपिनेश्वराच्या शेजारी मुक्काम

ठाण्यात जांभळी नाक्यावरचं कोपिनेश्वर मंदिर पाहायला आलेले बहुतेक लोक दुपारच्या लोकलने परततात. आम्ही म्हणू, एक रात्र इथेच काढा. पहाटेचा गाभारा दिवसा मिळत नाही.

ठाणे स्टेशनच्या पश्चिमेला उतरून बाजारातून दहा-पंधरा मिनिटं चाललं की मंदिर येतं. संध्याकाळी रिक्षा या गर्दीत अडकते, पाय लवकर पोचवतात. आम्ही राहतो ते लॉज जुन्या पेठेतलं आहे, लाकडी जिना आणि जाड भिंतींचं. अशा इमारतीत खोली न बघता पैसे भरू नयेत. आधी मोरीतला नळ पूर्ण सोडून बघा. पाणी गच्चीवरच्या टाकीतून येतं, त्यामुळे वरच्या मजल्यावर धार बारीक पडते. गरम पाणी सकाळी ठरावीक वेळेतच मिळतं. पहाटे दर्शनाला जायचं असेल तर ती वेळ रात्रीच विचारून ठेवावी.

कौलाखालची खोली स्वस्त असते, पण एप्रिलमध्ये तापते आणि जुलैमध्ये गळते. रस्त्याकडच्या खोलीत पहाटेच भाजीच्या गाड्या ऐकू येतात. मधल्या मजल्यावरची, मागच्या अंगाची खोली मागावी. वयस्कर माणसं सोबत असतील तर पहिला मजलाच बरा, कारण जुने जिने उभे चढाचे असतात. पावसाळ्यात दार फुगतं आणि कडी खाचेत बसत नाही, म्हणून दार दोनदा लावून बघायचं. पलंगामागच्या भिंतीला हात लावा. चुना भुसभुशीत लागला तर खोली बदलून घ्या, ओल रात्रभर वास देते.

हिशेब चोवीस तासांचा की सकाळी खोली सोडायची, हे पावतीवर लिहून घ्यावं. रात्री नऊला आलेल्या माणसाचं निम्मं भाडं इथेच वाया जातं. प्रत्येकाचं मूळ ओळखपत्र लागतं.

आता मंदिर. साष्टी, म्हणजे ठाण्याच्या बाजूचं बेट, १७३७ मध्ये पोर्तुगीजांकडून मराठ्यांकडे आली आणि त्यानंतर सरसुभेदार रामाजी महादेव बिवलकरांनी या जुन्या शिवस्थानाचं मंदिर १७६० च्या सुमारास नव्याने बांधलं. शिवलिंग अवाढव्य आहे, घेरच बारा फुटांच्या आसपास. गर्दीत ते फक्त फुलांखाली झाकलेलं दिसतं. पहाटे अभिषेकाच्या वेळी दगडाचा खरा आकार कळतो, आणि मुक्काम करायचा तो एवढ्यासाठीच. आवारातलं ब्रह्मदेवाचं मंदिर चुकवू नका, अशी मंदिरं फार कमी आहेत.

श्रावणी सोमवार आणि महाशिवरात्रीला रांग बाजारापर्यंत जाते. गुढीपाडव्याला सकाळी इथून पालखीसह स्वागतयात्रा निघते. तेव्हा आसपासचे रस्ते वाहनांना बंद असतात, म्हणून आदल्या रात्रीच येऊन राहावं आणि गाडी आणूच नये.

दर्शनानंतर तलावपाळीला, म्हणजे मासुंदा तलावाच्या काठाला, एक फेरी मारावी. तिथे सेंट जॉन द बॅप्टिस्ट चर्चही आहे. मग तहसीलदार कचेरीजवळ मामलेदार मिसळ खायला जावं. पहिल्यांदा खाणाऱ्याने मध्यम तिखटच सांगावी आणि ताक आधीच मागवून ठेवावं.