2010 ते 2014, पुन्हा एकदा – नोंद सातवी: 'नटरंग' खाली उतरला

मागच्या नोंदीत मी छातीठोकपणे लिहिलं होतं की पहिला नंबर काही हलत नाही. हलला. एकदम चार पायऱ्या खाली आला आणि त्याला कारण मीच.

नवीन मंडळींसाठी थोडक्यात सांगतो. 2010 ते 2014 या पाच वर्षांत लागलेले, तेव्हा आवडलेले 31 मराठी चित्रपट पुन्हा बघायचे आणि त्यांचा क्रम लावायचा, असा उद्योग आमच्या सोलापुरात गड्ड्याची यात्रा (जानेवारीतली सिद्धेश्वराची जत्रा) उठली त्या रविवारी सुरू केला. आजवर 19 झाले. बघताना फोन आतल्या खोलीत ठेवायचा आणि मध्ये थांबवायचं नाही. सोमवारी नवी पेठेतलं दुकान उघडायच्या आधी वहीत तीनच गोष्टी लिहायच्या. रात्री झोपताना कुठला प्रसंग डोक्यात होता, घड्याळाकडे कधी बघितलं, आणि तिसऱ्यांदा कुणी लावला तर बसेन का. मार्क देत नाही. मार्क दिले की मी लगेच अर्ध्या-पाव मार्काची वाटाघाटी सुरू करतो. चादरी विकणाऱ्या माणसाची खोड आहे ती.

आता नियमाची भानगड, कारण यावेळी सगळं तिथंच अडलं. चित्रपटाचं वर्ष कुठलं धरायचं? मी धरतो ते थिएटरात लागल्याचं. 'नटरंग' 1 जानेवारी 2010 ला लागला, म्हणून यादीत. पण राष्ट्रीय पुरस्कारांच्या हिशेबात तो 2009 चा, सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा मान त्याला त्या वर्षासाठी मिळाला. 'हरिश्चंद्राची फॅक्टरी'चं तर त्याहून गमतीचं. भारताकडून ऑस्करला आधी गेली आणि आपल्याकडे जानेवारी 2010 मध्ये लागली. पुरस्काराचं वर्ष धरलं तर हे दोन्ही जातात. थिएटरचं वर्ष धरलं तर उलटीकडून माणसं बाहेर पडतात: 'कोर्ट' व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवात 2014 मध्ये गाजला, राष्ट्रीय पुरस्कारांत त्या वर्षीचा सर्वोत्कृष्ट चित्रपटही ठरला, पण थिएटरात आला एप्रिल 2015 मध्ये. 'किल्ला'चं तेच. 'अस्तु' तर 2013 चा असून पडद्यावर यायला 2016 उजाडलं.

माझा पूर्व भागातला मित्र (घरी तेलुगू, दुकानात मराठी, भांडताना दोन्ही) पहिल्या दिवसापासून म्हणतोय, "नटरंगसाठी नियम वाकवलास बे तू. सरळ सांग की." मी त्याला सांगितलं की आपल्या गावात चित्रपट चौकात पोस्टर लागल्यावर जन्माला येतो, व्हेनिसला नाही. बोलायला बरं वाटलं. पण खरं म्हणजे त्याचंच बरोबर होतं.

'नटरंग' पहिल्यांदा पाहिला तो गड्ड्याच्या दिवसांत. होम मैदानावर पाळण्यांची गर्दी, आम्ही पाच जण तिथून थेट शेवटच्या खेळाला. 'अप्सरा आली' सुरू झालं आणि पुढच्या रांगांतून चिल्लर उडाली. शिट्ट्यांत गाण्याचं अर्धं कडवं ऐकूच आलं नाही. त्यात अतुल कुलकर्णी म्हणजे आपल्या गावात शिकलेला, इथल्या हौशी नाटकांतून पुढे गेलेला माणूस. त्यानं केलेला, पैलवानासारखा कमावलेला गुणा आणि नंतर नाच्या (तमाशात बायकी हावभाव करणारा पुरुष) होण्यासाठी उतरवलेलं तेच अंग, हे बघताना आम्ही सगळे उगाच छाती काढून बसलो होतो, जणू तालीम आमच्याच घरी झाली. तो खेळ माझ्या डोक्यात बारा-पंधरा वर्षं पहिल्या नंबरावर बसून होता. चित्रपट नव्हे, तो खेळ. हे मला परवा कळलं.

परवा घरात एकटाच होतो. ना शिट्टी, ना चिल्लर. पहिला तास अजूनही तसाच पकडून ठेवतो. राजा व्हायचं स्वप्न घेऊन फड उभारणाऱ्याला नाच्या व्हावं लागतं, ही गाठ फार पक्की आहे. गुणा कंबर लचकवायला शिकतो तिथं तर मी परत पुढे सरकून बसलो. पण नंतरच्या भागात संकटं एकामागून एक घाईनं येतात, आणि गुणाची सगळ्यांत वाईट वेळ संपते न संपते तोच आपण थेट म्हातारपणीच्या सत्काराला जाऊन पोचतो. मधली वर्षं कुठं गेली? मला ती वर्षं बघायची होती. वहीत घड्याळाच्या रकान्यात दोन वेळा लिहिल्या गेल्या. अजय-अतुलच्या गाण्यांना मात्र बोट लावायची माझी हिंमत नाही.

आता पहिला नंबर 'फॅन्ड्री'चा. याचीही थिएटरची आठवण आहे, पण उलटी. 14 फेब्रुवारी 2014, प्रेमाचा दिवस. टीव्हीवर 'तुझ्या पिरतीचा हा इंचू' वाजवून वाजवून झिजलेलं, त्यामुळे निम्मं थिएटर कॉलेजच्या जोड्यांनी भरलेलं. गाणं येईल येईल म्हणून लोक वाट बघत बसले आणि ते चित्रपटात नव्हतंच. माझ्या पुढचा एक जण मध्यंतरात चिडून म्हणाला, "फसवलं राव." शेवटी जब्यानं, म्हणजे त्यातल्या डुकरं पकडणाऱ्या घरातल्या पोरानं, दगड भिरकावला तेव्हा तोच माणूस खुर्चीत गप्प बसलेला मी पाहिला. दिवे लागले तरी उठला नाही.

तेव्हा मला तो दगडच आठवत राहिला, सगळ्यांना राहतो तसा. यावेळी दुसऱ्या गोष्टी दिसल्या. जत्रेत जब्या हलगीच्या नादावर भान विसरून नाचतोय आणि बाप त्याला ओढून त्याच्या डोक्यावर दिवा देतो. उजेड त्याच्या डोक्यावर, नाचणारे दुसरे. एवढंच. कुणी काही बोलत नाही. मग डुकराच्या मागे धावणारं कुटुंब शाळेतून राष्ट्रगीत सुरू होताच जागच्या जागी थिजतं, आणि डुक्कर मात्र निघून जातं. तेव्हा आम्ही हसलो होतो. परवाही हसू आलं, पण ओठापर्यंत येऊन अडकलं. आणि डुक्कर बांबूला बांधून नेताना मागे शाळेच्या भिंतीवर रंगवलेले आंबेडकर, फुले, सावित्रीबाई. कॅमेरा तिथं रेंगाळत नाही, बोट दाखवत नाही. किशोर कदमचा कचरू तर मला आता जब्यापेक्षा जास्त छळतो: पोराला मारणारा, आणि गावापुढं वाकून वाकून पाठ तशीच राहिलेला बाप. घड्याळाचा रकाना कोरा.

इथं मला माझ्यावरच संशय आला. 'फॅन्ड्री'चा दिग्दर्शक नागराज मंजुळे सोलापूर जिल्ह्यातल्या, करमाळा तालुक्यातल्या जेऊरचा. अतुल कुलकर्णी सोलापूरचा. 'एलिझाबेथ एकादशी' पंढरपूरची. म्हणजे मी चित्रपटांची यादी करतोय की जिल्हा परिषदेचा अहवाल? बायकोनं तर विचारलंच, "पुढच्या रविवारी शेंगाची चटणी लावताय का पहिल्या नंबरावर?"

म्हणून मुद्दाम 'एलिझाबेथ एकादशी' लगेच पुन्हा लावला. पंढरपुरात माझी मावशी राहते, कार्तिकीच्या गर्दीत मी स्वतः हरवून सापडलेलो आहे, म्हणजे पक्षपाताची पुरती सोय. वारीतला बाजार, बांगड्यांचं दुकान मांडणारी पोरं, भावा-बहिणीची बोली, सगळं खणखणीत. ज्ञाना आणि झेंडू पडद्यावरची पोरं वाटतच नाहीत. पण अडचणी जरा शहाण्यासारख्या वागतात, वेळेवर येतात आणि वेळेवर सुटतात. सातवरून आठवर. मावशीला सांगू नका.

पक्षपात नसल्याचा खरा पुरावा 'विहीर'. याचा सोलापूरशी काडीचा संबंध नाही आणि तो सहावरून दुसऱ्यावर आला. 2010 मध्ये मी हा अर्धवट झोपेत पाहिला होता, कबूल करतो. थिएटरात आम्ही मोजून नऊ जण, आणि मशीन दोनदा बंद पडलं. उमेश कुलकर्णीच्या चित्रपटाला ज्या शांततेची गरज असते ती पंख्याच्या खडखडाटात कुठून मिळणार? यावेळी मे महिन्यातली दुपार, बाहेर रस्त्यावर चिटपाखरू नाही, पडदे ओढलेले. समीर आणि नचिकेत, दोन मावसभाऊ की मामेभाऊ हे लक्षात ठेवायचीही गरज पडत नाही. लग्नघर, उन्हाळा, लपाछपी, आणि त्यातला एक सहज म्हणतो की निघून जावंसं वाटतं. मग तो नसतोच. खेळातला भिडू सापडत नाही, आणि दुसरा पुढचा सगळा वेळ राज्य घेऊन हिंडत राहतो.

मी पोहायला शिकलो ते दक्षिण सोलापूरच्या एका गावातल्या विहिरीत, पाठीला डबा बांधून. काकानं ढकलून दिलं होतं. पाण्याखालची ती हिरवट शांतता आणि वरून येणारे पोरांचे लांबचे आवाज या चित्रपटात जसेच्या तसे आहेत. सुधीर पलसाणेंचा कॅमेरा विहिरीच्या काठाशी जातो तेव्हा माझे पाय आपोआप वर आले, खुर्चीत. तिसऱ्यांदा बसेन का? पावसाळ्यात नाही. पुढच्या मे महिन्यात, त्याच वेळी.

'देऊळ' तिसरा. तो आईबरोबर पाहिला. ती अक्कलकोटला आणि गाणगापूरला वर्षानुवर्षं जाणारी, त्यामुळे मला धाकधूक होती. केशाला करडी गाय शोधताना उंबराखाली दत्त दिसतात तिथं तिनं खरंच हात जोडले. आणि त्याच्या गावात, मंगरूळमध्ये, दुकानं, मंडप, प्रसाद, लिलाव सुरू झाल्यावर ती इतकी हसली की चहा सांडला. "अगदी असंच रे," म्हणाली, "पार्किंगचेसुद्धा असेच घेतात." गिरीश कुलकर्णीला अभिनय आणि संवाद दोन्हींसाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला होता. संवादांचा तर आईनं माझ्यापुढं दुसऱ्यांदा दिला. उत्तरार्ध किंचित लांबतो, एवढंच.

बाकीचं भरभर. 'शाळा' चौथा, तिथंच राहणार. आणीबाणी वर्गाच्या खिडकीबाहेर ठेवून आत जोशी आणि शिरोडकरला एवढी मोकळी जागा दिलीय की बस. 'नटरंग' पाचवा. 'धग' सहावा, उषा जाधवसाठी. स्मशानाच्या कामातून पोराला बाहेर काढू बघणारी आई तिनं जी केलीय, ती बघून मी दुसऱ्या दिवशी दुकानात गिऱ्हाइकाशी नीट बोललो नाही. 'बाबू बँड बाजा' सातवा. 'हरिश्चंद्राची फॅक्टरी' नववी, दहावा अजून रिकामा. 'काकस्पर्श' आणि 'तुकाराम' दोघं दारात उभे आहेत. 'दुनियादारी'बद्दल विचारू नका, मी तो तेव्हा तीन वेळा पाहिला आणि परवा पाऊण तासात बंद केला. स्वतःचाच नियम मोडला, त्यामुळे तो 19 मध्ये धरलेला नाही.

एक यादीबाहेरची गोष्ट सांगतो. 'अस्तु' नियमात बसत नाही, तरी एका संध्याकाळी लावला. बायकोची अज्जी आली होती, अक्कलकोट तालुक्यातली, घरात कन्नडच बोलणारी. स्मृती हरवलेले मोहन आगाशे हत्तीमागे निघून जातात आणि अमृता सुभाषची चन्नम्मा त्यांना लेकरासारखं सांभाळते. चन्नम्मा कन्नडात बोलायला लागली तशी अज्जी सरळ पडद्याला उत्तरं द्यायला लागली. एकदा तर तिनं चन्नम्माला जेवण कधी वाढायचं ते सांगितलं. नंतर मला म्हणाली, "ती पोरगी आमच्याकडची काय?" नाही म्हणून सांगितलं, तिला पटलं नाही.

मित्राला हा नवीन क्रम दाखवला. त्यानं वही वरपासून खालपर्यंत वाचली आणि 'नटरंग'वर बोट ठेवून म्हणाला, "ज्याच्यासाठी नियम केलास तोच पाचवा आला. आता तरी 'कोर्ट'ला आत घे की बे." मी नाही म्हणालो. मध्येच नियम बदलला तर 19 रविवार पाण्यात. पण येत्या रविवारी 'काकस्पर्श' लावायचा होता, तो एक आठवडा पुढं ढकललाय. मित्र येतोय, येताना 'कोर्ट' घेऊन येतो म्हणालाय. वही कपाटात राहील.