लोगोवर अडकलेली दुपार
फोंड्यात सकाळपासून पाऊस, वीज जा-ये करतेय. अशा दिवशी जुन्या रूट केलेल्या (सिस्टम बदलायची पूर्ण मुभा असलेल्या) अँड्रॉइड फोनवर नवा रॉम, म्हणजे वेगळी ऑपरेटिंग सिस्टम, टाकायची खाज येतेच. टीडब्ल्यूआरपीत (अँड्रॉइड सुरू न करता उघडणाऱ्या रिकव्हरी मेनूत) बूट, सिस्टम, डेटा हे भाग टिक करून बॅकअप घेतला, जुनं वाइप केलं, रॉमची झिप फाइल फ्लॅश केली, म्हणजे फोनमध्ये बसवली, आणि फोन लोगोवरच अडकला. अर्धा तास! आईनं चहा दोनदा गरम केला. शेवटी तोच बॅकअप रिस्टोअर केला, तर सगळं जसंच्या तसं, अगदी अलार्मसकट.

पण हा बॅकअप इंटर्नल स्टोरेजमधले फोटो घेतच नाही, आणि बॅकअपची फाइलही आपसूक तिथंच पडते. फोन अडकला तेव्हा वैतागून ‘फॉरमॅट डेटा’ दाबायला बोट गेलंच होतं, आणि त्यानं इंटर्नल स्टोरेजही पुसलं जातं. शिगम्याचे सगळे फोटो बॅकअपसकट गेले असते. आता ओटीजीनं (फोनला पेनड्राइव्ह जोडायच्या केबलनं) पेनड्राइव्हवर कॉपी चाललीय. बॅटरी २२ टक्के, आणि वीज परत गेली.