तुळशीचा काढा आणि माझी ॲसिडिटी

परवापासून घरात सगळ्यांचे घसे धरलेत, पाऊस सुरू झाला की आमच्याकडे हे ठरलेलंच. त्यामुळे ग्रिलमधल्या कुंडीतली तुळस रोज थोडी थोडी बोडकी होतेय.

आजीचं औषध अगदी साधं असायचं. काळ्या तुळशीची पानं तव्यावर जरा गरम करायची, फडक्यात घालून पिळायची, जेमतेम चमचाभर रस निघतो, तो गार झाला की त्यात मध आणि घ्या चाटून. (वर्षाच्या आतल्या बाळाला मध अजिबात नाही हं, हे आजीला माहीत नव्हतं पण आता डॉक्टर सांगतात.) काळीच का तर म्हणे ती जास्त तिखट. चावून बघा, जीभ जराशी चुणचुणते आणि लवंगेसारखा वास येतो, तो युजेनॉलचा, लवंगेतही तेच असतं. चरकसंहितेत तुळशीला सुरसा म्हटलंय आणि उचकी, खोकला, दमा यांवर सांगितलीय. म्हणजे आजीचं खोकल्याचं औषध चांगलंच जुनं निघालं.

आता माझा पराक्रम सांगते. २०२० मध्ये आयुष मंत्रालयाने तुळस, दालचिनी, मिरी, सुंठ, मनुका असा काढा दिवसातून एकदोनदा घ्यायला सांगितला होता. आम्ही तो चारदा प्यायलो! वर मिरी पण मूठभर, कारण जास्त घातलं की जास्त गुण येणार असा आपला हिशोब. आठवड्यात तोंड आलं, छातीत जळजळ, रात्री झोप नाही, आणि करोना राहिला बाजूला, आम्ही ॲसिडिटीच्या गोळ्या शोधत बसलो. आई फोनवर म्हणाली, "अगं औषध आहे ते, आमटी नाही वाटीवाटीने प्यायला."

आता माझं प्रमाण म्हणजे दोन कप पाण्यात आठ-दहा पानं, गवती चहाची दोन पाती, आल्याचा छोटा तुकडा, मिरी फार तर दोन, आणि उकळून एक कप करायचं. गूळ शेवटी. घशाला शेक मिळतो, नाक मोकळं होतं, बरं वाटतं. त्याने ताप उतरतो वगैरे मी म्हणणार नाही, ताप राहिला तर सरळ डॉक्टरकडे जायचं.

आणि ते व्हॉट्सॲपवालं, तुळस चोवीस तास ऑक्सिजन सोडते, रात्रीसुद्धा! अहो झाड आहे ते, अंधारात प्रकाशसंश्लेषण कसं होणार, रात्री ती आपल्यासारखाच ऑक्सिजन घेते. दुसरा घोळ सब्जाचा. फालुद्यातला सब्जा म्हणजे तुळशीचं बी असं कितीतरी जण सांगतात, पण तो तिच्या चुलत बहिणीचा, दारातल्या तुळशीचा नाही. आपल्या मंजिरीतलं बी अगदीच बारीक असतं.

एक मात्र सिरियसली, रक्त पातळ करायच्या किंवा शुगरच्या गोळ्या चालू असतील तर रोजचा रस-काढा विचारल्याशिवाय नको, तुळशीनेही रक्त थोडं पातळ होऊ शकतं आणि साखर खाली येऊ शकते. आमच्या एका काकांनी गोळ्यांवरच तुळशीपत्र ठेवलं होतं, नुसत्या पानांवर भागेल म्हणून. मग वाढली शुगर, आणि काकूंचा पारा त्याहून जास्त.

फ्लॅटमध्ये तुळस जगत नाही अशी तक्रार मीही खूप केली. चार मेल्या माझ्या. पाणी जास्त होत होतं, आणि मंजिऱ्या मी कौतुकाने तशाच ठेवायचे. मंजिरी आली की खुडायची, मग खालून फुटवे येतात. ही पाचवी तुळशीच्या लग्नापासून टिकलीय.

आज रविवार, म्हणजे पानं तोडायची नाहीत. आजीने त्यावर उपाय काढला होता, शनिवारी संध्याकाळीच तोडून ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवायची. मी काल विसरले. आता आल्याचा चहा.