तामा, तमा आणि मनी

आमच्या मांजरीच्या लसीच्या कार्डावर गेली दोन वर्षं 'तमा' असं नाव आहे. दवाखान्यातल्या मुलाने माझं इंग्रजी स्पेलिंग जसं दिसलं तसं वाचलं, त्याचं काही चुकलं नाही. मी सांगणारच होते, पण तेवढ्यात बाईसाहेब टेबलावरून थेट औषधांच्या कपाटावर. डॉक्टर, मी आणि तो मुलगा खाली हात वर करून उभे, आणि ती वरून एकेक बाटली पंजाने ढकलतेय. हिला कसली तमा! म्हटलं, राहू दे.

खरं नाव तामा. जुलैमध्ये सोसायटीच्या पार्किंगमध्ये स्कूटरच्या चाकाला चिकटून बसलेली सापडली. कबरी, म्हणजे पांढऱ्या अंगावर काळी आणि तांबूस ठिगळं. डॉक्टर तर लांबूनच म्हणाले, "मादी आहे." काळा आणि तांबूस हे दोन्ही रंग एकाच अंगावर यायला दोन एक्स गुणसूत्रं लागतात, त्यामुळे असा बोका अगदी क्वचित निघतो. जपानीत अशा मांजरीला 'मिके' म्हणतात, म्हणजे तीन रंगांच्या केसांची.

मी चाकणला एका कारखान्यात जपानी दुभाषी आहे. तेव्हा नाव जपानीच हवं, यात मिरवायचा भाग होता हे कबूल. पण आणखी एक होतं. साताऱ्याच्या घरी आमचा मोत्या होता, चौदा वर्षं. तो गेल्यावर मी ठरवलं होतं की पुन्हा प्राणी आलाच, तर त्याला आपल्यातलं नाव नको. मोत्या, राजा, वाघ्या, खंड्या काहीच नको. ज्या नावाने घरात कुणी कुणाला हाक मारलेली नाही असं नाव हवं.

मग आठवली जपानमधल्या वाकायामाची तामा. तिथल्या किशीगावा मार्गावरची गाडी तोट्यात चाललेली, शेवटचं किशी स्टेशन 2006 साली बिनमाणसाचं केलेलं. शेजारच्या दुकानातली मांजर तिथे वावरायची. जानेवारी 2007 मध्ये रेल्वे कंपनीने तिलाच रीतसर स्टेशनमास्तर नेमलं. डोक्यावर टोपी, पगार म्हणून मांजरांचं खाणं. तिला बघायला लोक लांबून तिकीट काढून येऊ लागले. 2010 साली स्टेशनची नवी इमारत झाली, तिचं छप्परच मांजराच्या तोंडासारखं. जून 2015 मध्ये ती गेली तेव्हा सोळा वर्षांची होती. स्टेशनात तिचं छोटं देऊळही आहे, आणि तिच्या जागी आलेल्या मांजरीचं नाव नितामा, म्हणजे दुसरी तामा. तीही तीनरंगीच. आमची तिसरी-चौथी कुणी असेल, पण रंग जुळत होता.

त्या तामाचं नाव साध्या हिरागानात, म्हणजे नुसता उच्चार दाखवणाऱ्या जपानी अक्षरांत लिहितात, म्हणून अर्थाकडे माझं लक्षच गेलं नव्हतं. दुभाषी म्हणवून घेते आणि ही गत! एकदा जेवणाच्या सुट्टीत आमच्या जपानी साहेबांना फोटो दाखवला. ते हसायलाच लागले. म्हणाले, हे आजीच्या मांजरीचं नाव, आताच्या पोरी कुठे ठेवतात? मग उठून फळ्यावर लिहून दाखवलं. तीन आडव्या रेघा, मधून एक उभी: हा झाला राजा. त्यालाच खाली उजवीकडे एक टिंब दिलं की तामा. रत्न, मणी, गोल काहीतरी.

मी डबा उघडाच ठेवून त्या टिंबाकडे बघत राहिले. राजाला टिंब दिलं की मोती. शेपटीने चहाचे कप पाडणारा, फटाक्यांना घाबरून माझ्या पलंगाखाली शिरणारा, साताऱ्याचा.

घरी येऊन आईला सांगितलं. ती लसूण सोलत होती. मोत्याचं नाव निघाल्यावर एक पाकळी जरा जास्तच वेळ सोलली. मग म्हणाली, "मणी ना? मग मनीच म्हणायचं की. त्यासाठी एवढ्या परीक्षा कशाला द्यायच्या?"

खालच्या मजल्यावरच्या आजी 'तांबू' म्हणतात, त्या तांबूस ठिगळांमुळे. वॉचमनकाका बराच काळ तिला तांब्यांची मांजर समजत होते. तांबे दुसऱ्या मजल्यावर राहतात आणि त्यांना मांजरांची ॲलर्जी आहे. तामा म्हणून हाक मारणारी बिल्डिंगमध्ये मी एकटीच. पण ते नाव मला आवडायला लागलं ते खरं फळ्यावरच्या त्या दिवसापासून. आधी फक्त गोड वाटायचं.

गेल्या दिवाळीत साहेब फराळाला आले. चकली हातात धरून गुडघ्यांवर बसले आणि सोफ्याखाली वाकून लाडाने हाक मारू लागले, "तामा-चान, तामा-चान!"

आईने आतून चिवड्याची बशी आणली. "हो, छानच आहे," ती म्हणाली, "पण हात नका घालू, ओरबाडते."

मी भाषांतर करेपर्यंत उशीर झाला होता.