काकूच्या नावावरचं मत

माझा चुलत भाऊ आणि मी ब्रेक्झिटवरून, म्हणजे ब्रिटननं युरोपियन युनियन सोडण्यावरून, भांडतोय त्याला दहा वर्षं होत आली. तेवढ्यात पंतप्रधान कॅमेरून गेले, मग मे, जॉन्सन, ट्रस, सुनक, स्टार्मर आले. आमचं भांडण होतं तिथंच आहे. विषय निघाला की वहिनी उठून मशीनमधले कपडे काढायला जाते. मशीन लावलेलं नसलं तरी जाते.

दादा लंडनजवळ स्लाव गावी राहतो, मी लेस्टरला. २३ जून २०१६ च्या सार्वमतात स्लावनं ५४ टक्के मतांनी 'बाहेर पडा' म्हटलं आणि लेस्टरनं ५१ टक्क्यांनी 'राहा'. म्हणजे आपापल्या गावात आम्ही दोघंही जिंकलेले. देशभरात ५१.९ विरुद्ध ४८.१. ग्रामपंचायतीत एवढ्या फरकानं हरलेला माणूस फेरमोजणी मागतो. इथं तेवढ्या फरकावर ४३ वर्षांचा संसार मोडला.

मी तेव्हा भारतीय पासपोर्टवर होते, तरी मला मत होतं. हे अजूनही कुणाला सांगितलं की खरं वाटत नाही. राष्ट्रकुलातल्या देशाचा नागरिक इथं कायदेशीर राहत असेल तर तो मतदार. युरोपातला माणूस मात्र नाही. अपवाद फक्त आयर्लंड, माल्टा आणि सायप्रसच्या लोकांचा. मी हॉस्पिटलात फार्मासिस्ट आहे. आमच्या डिस्पेन्सरीत एक पोर्तुगीज बाई होती, चौदा वर्षं इथं कर भरत होती, मुलं इथल्या शाळेत. तिला मत नव्हतं. आठ वर्षांपूर्वी आलेल्या मला होतं.

२४ तारखेला माझी सकाळची ड्युटी होती. रेडिओवर पौंड १९८५ नंतरच्या तळाला गेल्याचं सांगत होते. ती वॉर्डच्या औषधांच्या पेट्या भरत होती. मान वर न करता म्हणाली, "तू दिलंस ना मत?" मी हो म्हटलं. "कशाला?" मी सांगितलं, 'राहा'ला. "बरं," म्हणाली आणि पुन्हा पाकिटं मोजायला लागली. पहिल्यापासून मोजायला लागली, कारण आकडा चुकला होता. मला त्या 'बरं'ची फार लाज वाटली. मी तिच्या बाजूनं मत दिलं होतं, पण तिचं काय करायचं हे मी ठरवावं, हाच मुळात प्रकार विचित्र होता.

संध्याकाळी दादाचा फोन आला. आवाजात सणासुदीचा उत्साह. मी आधी समजलेच नाही.

"अगं, बाहेर पडलो आपण!"

"आपण?"

"मी तर 'बाहेर'लाच टाकलं."

'बाहेर'वाल्यांनी प्रचाराच्या बसवर रंगवलेल्या, युरोपला आठवड्याला जाणाऱ्या ३५ कोटी पौंडांवर त्याचा विश्वास नव्हता. तो हिशेबाचा माणूस, त्या आकड्यातून परत येणारा पैसा वजा केलेला नाही हे त्यानंच मला समजावून दिलं होतं. त्याचं कारण वेगळं होतं, आणि ते मला माहीत असायला हवं होतं. त्याचं कारण म्हणजे काकू, त्याची आई.

काका गेल्यावर काकू भारतात एकटी राहते. पूर्वी ६५ च्या पुढच्या, मुलावर अवलंबून असलेल्या आईवडिलांना इकडे कायमचं आणता यायचं. दादाचं ठरलं होतं, घराला मागं एक खोली काढू, तळमजल्यावर न्हाणीघर करू आणि मग आणू. खोली होईपर्यंत जुलै २०१२ उजाडला आणि नियम बदलला. नवा नियम असा: आईला अंघोळ, कपडे, स्वयंपाक अशा रोजच्या गोष्टी स्वतः करता येत नसल्या पाहिजेत, आणि ती मदत तिला तिच्या देशात पैसे मोजूनही मिळत नसली पाहिजे. आता बघा. मुलाकडे आईला इथं पोसण्याइतके पैसे आहेत हे दाखवायचं, आणि तेवढ्याच पैशांत तिकडे बाई ठेवता येत नाही हेही दाखवायचं. दादानं वकिलाला विचारलं. वकील म्हणाला, फी भरायची हौस असेल तर अर्ज करा.

आणि त्याच वेळी त्याच्या शेजारचा पोलिश माणूस आपल्या आईला घेऊन आला. युरोपियन कायद्यानं अवलंबून असलेले आईवडील त्याच्याबरोबर येऊ शकत होते. दादाचं त्या माणसाशी काही वाकडं नव्हतं. त्याच्या आईनं दिलेलं बिटाचं सूप तो चवीनं प्यायचा. पण घरी येऊन म्हणायचा, "मी इथला नागरिक, राणीची शपथ घेतलेला. माझी आई परकी, आणि याची आई घरची. कुठला न्याय हा?"

मी त्याला तेव्हा एक पळवाट सुचवली होती. 'सुरिंदर सिंग रूट' म्हणतात तिला. १९९२ सालचा युरोपियन न्यायालयाचा निकाल आहे: ब्रिटिश नागरिक युरोपातल्या दुसऱ्या देशात खरोखर काम करून परतला, तर त्याच्या कुटुंबाला ब्रिटनचे नाही, युरोपचे नियम लागू. लोक त्यासाठी डब्लिनला जाऊन राहायचे. दादा माझ्यावर उखडला. "माझ्या आईला माझ्या घरी आणायला मी आयर्लंडमार्गे जाऊ?" त्याचा अपमान मला कळला. पण त्या पळवाटेचं दार उघडं होतं ते युरोपमुळं, आणि त्यानं मत दिलं ते दार बंद करायला. आपलं नाक कापून दुसऱ्याला अपशकुन, असं मी त्या दिवशी फोनवर म्हणाले. तीन महिने बोलणं बंद होतं.

नंतर शांतपणे (म्हणजे आमच्या मानानं शांतपणे) मी मुद्दा मांडला. काकूला अडवलं ते ब्रसेल्सनं, म्हणजे युरोपियन युनियननं, नाही. २०१२ चा नियम वेस्टमिन्स्टरचा, म्हणजे इथल्याच सरकारचा, तेव्हाच्या गृहमंत्री थेरेसा मे. भारतातून कोण येणार आणि कोण नाही, हे लंडनच्याच हातात होतं, कायमच. त्यावर दादाचं उत्तर तयार होतं, आणि ते मला आजही पूर्णपणे खोडता आलेलं नाही. तो म्हणतो, कॅमेरूननी येणारे वजा जाणारे असा आकडा वर्षाला लाखाच्या आत आणायचं वचन दिलं होतं. युरोपचं दार त्यांना बंद करता येत नव्हतं, मग त्यांनी जे येत होतं ते बंद केलं. आपलं. एका दाराचा राग दुसऱ्या दारावर.

यात तथ्य आहे. म्हणून तर मी विचारते, मग आता? १ जानेवारी २०२१ पासून ते दार बंद आहे. नव्यानं येणाऱ्या पोलिश माणसाला आणि तुला आता एकच नियम आहे. काकूचा नियम बदलला? अट तीच आहे. तू समानता मागितलीस ती मिळाली. त्याला खाली आणून बसवलं आपल्या शेजारी.

इथं तो हमखास माझ्या भाच्याचं नाव काढतो. भाचा इथं एमएस्सी करून पदवीनंतरच्या दोन वर्षांच्या व्हिसावर राहिला. ती सोय २०१२ मध्ये बंद केली होती, २०२१ मध्ये पुन्हा सुरू झाली. "तुझा भाचा माझ्या मतामुळं इथं आहे," हे वाक्य दादानं भाच्याच्याच देखत, त्याला दुसऱ्यांदा वाढताना म्हटलं. पोरगं कानकोंडं झालं. मी म्हटलं, ती सोय युरोपात राहूनही देता आली असती. "पण दिली नाही ना!" खरंय, दिली नाही. २०२३ मध्ये तर येणारे वजा जाणारे असा निव्वळ आकडा वर्षाला नऊ लाखांच्या वर गेला, त्यात भारतीय आघाडीवर. ज्यांनी परके कमी व्हावेत म्हणून 'बाहेर'ला मत दिलं त्यांची काय अवस्था झाली असेल! दादासारख्या मतदारांचं हसू आणि त्यांचा संताप एकाच आकड्यावर.

या भांडणाचं असंच आहे. परिणाम दोघांपुढे तेच, ते कशामुळं झाले यावर घोडं अडतं. सरकारचीच स्वतंत्र अंदाज संस्था म्हणते की युरोपात राहिलो असतो त्यापेक्षा देशाची उत्पादकता लांब पल्ल्यात ४ टक्क्यांनी कमी राहील. दादा म्हणतो, कोविड? युक्रेन? माझ्या धंद्यात आम्ही औषध एका गटाला देतो आणि दुसऱ्याला नुसती साखरेची गोळी, मग तुलना करतो. देशाचा दुसरा गट कुठून आणायचा? न सोडलेला ब्रिटन कुठंच नाही. ज्याच्याशी तुलना करायची तो पेशंट जन्मालाच आला नाही.

माझ्या खात्यातल्या गोष्टींवर मात्र मी हार मानत नाही. युरोपची औषध नियामक संस्था लंडनच्या कॅनरी व्हार्फमध्ये होती, ती २०१९ मध्ये ॲमस्टरडॅमला गेली. हा परिणाम ब्रेक्झिटचाच, यात कोविड नाही नि युक्रेन नाही. कोविडच्या लशीच्या वेळी दादानं गावभर सांगितलं, की बघा, २ डिसेंबर २०२० ला आपण फायझरच्या लशीला सगळ्यांच्या आधी मंजुरी दिली, बाहेर पडलो म्हणून. मी त्याला सांगितलं, त्या दिवशी आपल्याला युरोपचेच औषधांचे कायदे लागू होते, आणि तातडीची मंजुरी देण्याची मुभा त्याच कायद्यात प्रत्येक देशाला होती. "मग बाकीच्यांनी का नाही दिली?" या प्रश्नावर मी जरा गप्प झाले. सगळ्यांनी मिळून जायचं ठरवलं होतं म्हणून. एकट्यानं पुढं जायला बाहेरच्याला सोपं गेलं असेलही. अर्धा गुण दिला.

नर्सचंही तसंच. २०१५-१६ मध्ये युरोपातून नऊ हजारांवर नर्सनी इथं नव्यानं नोंदणी केली होती, दोन वर्षांनी आठशेच्या आसपास. मी हा आकडा टाकला की दादा शांतपणे म्हणतो, "आणि त्याच काळात त्यांना इंग्रजीची परीक्षा लागू झाली, ते सांग की." सांगितलं. तीही एक बाजू आहे. पण वॉर्डवर रिकामी जागा दिसते, ती परीक्षेनं झाली की सार्वमतानं, हे जागेवर लिहिलेलं नसतं.

सगळ्यात गंमत दादाच्या नोकरीची. तो हीथ्रोजवळ मालवाहतुकीच्या कंपनीत आहे. २०२१ पासून युरोपला जाणाऱ्या प्रत्येक खेपेला कस्टम्सचे कागद लागायला लागले. भारतातून आलेला माल इथं नुसता उतरवून तसाच डब्लिनला पाठवला, तर युरोपशी व्यापार करार असूनही त्यावर कर बसू शकतो, कारण तो मूळचा ब्रिटनचा नाही. या 'मूळ कुठलं' प्रकरणावर दादा तासभर बोलू शकतो, आणि फार सुंदर बोलतो. त्याच्या हाताखाली चार माणसं आली, पगार वाढला. ब्रसेल्सच्या कागदपत्रांना कंटाळलेल्या देशानं मत दिलं आणि माझा भाऊ कागदपत्रांचा मॅनेजर झाला. हे मी बोलले की तो पण हसतो. इथं आमचं भांडण नाही.

काकूला या सगळ्यातलं बरंच कळतं, कारण दर रविवारी व्हिडिओ कॉलवर आम्ही तिच्या देखतच भांडतो. गेल्या वर्षी तिनं मधेच थांबवलं. म्हणाली, "थांबा जरा. दहा वर्षं माझ्या नावानं मतं टाकताय दोघं. मला यायचंय का, हे विचारलं कुणी?" दादा म्हणाला, "म्हणजे? तुला यायचं नव्हतं?" काकू म्हणाली, "चार महिने येते की मी. पाचव्या महिन्यात मला माझा ओटा आठवतो." मग तिनं विचारलं, मागच्या खोलीत आता काय ठेवलंय. त्या खोलीत दादाची व्यायामाची सायकल आहे आणि त्यावर टॉवेल वाळत असतात. हे त्यानं तिला सांगितलं नाही. मीही नाही.

या वसंतात आम्ही सगळे पोर्तुगालला गेलो. ती डिस्पेन्सरीतली बाई कायम राहण्याचा हक्क मिळवूनही २०२२ मध्ये परत गेली. तिनं बोलावलं होतं. उतरल्यावर बिगरयुरोपियनांच्या रांगेत उभे राहिलो. दादाकडे नवा निळा पासपोर्ट, स्वातंत्र्याचा रंग म्हणून आणलेला, कंत्राट मात्र फ्रेंच-डच कंपनीला गेलं आणि छपाई पोलंडात. माझा २०१७ सालचा, लालसर, वर सोनेरी अक्षरांत 'युरोपियन युनियन' छापलेला. रांग तीच. पुढं बोटांचे ठसे आणि फोटो घेत होते, नवी पद्धत.

"बघ, कसा सूड उगवतायत," दादा म्हणाला.

मी म्हटलं, ही पद्धत २०१७ मध्ये ठरली, तेव्हा आपण आतच होतो. आपल्यासारख्या बाहेरच्यांसाठीच ठरली.

"आपण तेव्हा बाहेरचे नव्हतो."

"मी होते," मी म्हणाले. "शेंगेनचा व्हिसा काढून यायचे मी."

यावर तो काहीतरी बोलणार होता, पण पुढच्या काउंटरवरच्या माणसानं हात केला. दादानं चार बोटं काचेवर ठेवली. ठसा नीट येईना, माणूस म्हणाला, पुन्हा ठेवा. वहिनीनं पर्समधून ओला टिश्यू काढून त्याच्या हातात दिला आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "आता नको हं."