दोन सेट, एक लोड

आप्पा साखर कारखान्याच्या पॉवर हाऊसला टर्बाईन ऑपरेटर होते. गळीत हंगामात त्यांची रात्रपाळी असली की डबा पोचवायला मी जायची. दुसरा सेट, म्हणजे टर्बाईन आणि जनरेटरची जोडी, लाईनीवर घ्यायचा असला की आप्पा सिंक्रोस्कोपसमोर, म्हणजे नव्या सेटची लय लाईनीशी जुळली का हे दाखवणाऱ्या मीटरसमोर, उभे राहायचे. काटा संथ फिरत वर यायचा आणि बाराला टेकायच्या किंचित आधी ते ब्रेकर मारायचे. मग दोन्ही सेट लोड वाटून घ्यायचे.

"कुणी किती उचलायचं, हे त्यांना कोण सांगतं?" मी एकदा विचारलं.

"कुणी नाही. लोड आला की सेट थोडा मंदावतो. दोघं एकाच लाईनीवर, म्हणजे दोघं सारखेच मंदावणार. जेवढं मंदावले तेवढी वाफ गव्हर्नर सोडतो. झाली वाटणी."

याला ड्रूप म्हणतात हे मला इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षी कळलं. ड्रूप 4 टक्के असेल, तर रिकाम्या सेटवर पूर्ण लोड आल्यावर फ्रिक्वेन्सी, म्हणजे सेटच्या वेगावर ठरणारी विजेची लय, 50 हर्ट्झवरून 48वर उतरते. बगॅस, म्हणजे उसाचा चोथा, जाळून स्वतःची वीज करणारा, उरलेली बोर्डाला देणारा आणि बोर्डाची लाईन गेली तरी गाळप चालू ठेवणारा कारखाना म्हणजे मायक्रोग्रिडच. फक्त तेव्हा तो शब्द कुणाच्या तोंडी नव्हता.

पॅनेलची डीसी वीज एसीत बदलणाऱ्या सोलरच्या इन्व्हर्टरमध्ये फिरणारं काहीच नसतं, मग तो मंदावणार कसा? पुढे आयआयटी मुंबईत प्राध्यापक झालेले मुकुल चांदोरकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1993च्या शोधनिबंधात याचं उत्तर दिलं. इन्व्हर्टरने लोड बघून आपली फ्रिक्वेन्सी आपणच उतरवायची. मध्ये संदेशाची एकही तार नको. तो पेपर वाचताना मला आप्पांचं पॉवर हाऊस दिसत होतं. पीएच.डी.चा विषय त्याच आठवड्यात ठरला.

प्रयोगशाळेत माझे दोन इन्व्हर्टर अगदी शहाण्यासारखे चालले. मग आम्ही ते सह्याद्रीतल्या एका वाडीवर बसवले, एक शाळेमागे आणि दुसरा खाली विहिरीच्या पंपापाशी. संध्याकाळी पंप चालू झाला तशी एक आजी दारात आली. "बाई, दिवा धाप टाकतोय गं." खरंच, घराघरातला उजेड कमीजास्त होत होता. ज्याला आम्ही पॉवर ऑसिलेशन म्हणतो, त्याचं इतकं नेमकं वर्णन मी कुठल्याही पेपरात वाचलेलं नाही.

पंप बंद केला, दिवे ठरले, तरी शाळेमागच्या इन्व्हर्टरच्या हीट सिंकला हात लाववत नव्हता. खालचा जेमतेम कोमट. दोघांचे वॅट जवळजवळ सारखे, पण क्लॅम्प मीटर लावला तर वरच्याचे अँपिअर भलतेच जास्त. रिॲक्टिव्ह करंट, म्हणजे काम न करता नुसता ये-जा करणारा करंट, जवळजवळ सगळा तो एकटाच उचलत होता.

कारण तारेत होतं. प्रयोगशाळेत प्रत्येक इन्व्हर्टरपुढे मी जाड कॉइल लावली होती. वाडीवर 16 चौरस मिलीमीटरची ॲल्युमिनियमची केबल होती, किलोमीटरला रेझिस्टन्स सुमारे 1.9 ओहम आणि रिॲक्टन्स, म्हणजे कॉइलसारखा अडथळा, जेमतेम 0.1. माझं सगळं गणित याच्या उलट्या तारेवर बेतलेलं होतं. अशा तारेत वॅट व्होल्टेजच्या फरकावर धावतात, आणि मी त्यांना फ्रिक्वेन्सीने हाकायला बघत होते.

उपाय सॉफ्टवेअरमध्ये सापडला. आपल्यापुढे कॉइल आहे असं इन्व्हर्टरने धरून चालायचं आणि तेवढा व्होल्टेज स्वतःच पाडायचा. याला व्हर्च्युअल इम्पीडन्स म्हणतात. किती पाडायचा हे जुळवण्यात दोन रात्री गेल्या, कारण जास्त पाडला तर शेवटच्या घरातले दिवे मिणमिणतात. आजीचं घर शेवटचंच होतं. प्रत्येक बदलानंतर मी तिथे जाऊन दिवा बघत होते.

आता माझ्या विद्यार्थ्यांना सिम्युलेशन उघडायच्या आधी मी केबल मोजायला पाठवते. काहींना हा वेळेचा अपव्यय वाटतो. मला वाटत नाही.

दुसऱ्या रात्री पंप आणि दिवे एकत्र नीट चालले, तेव्हा शाळेच्या पायरीवरून आप्पांना फोन लावला.

"फ्रिक्वेन्सी किती?" त्यांनी पहिलं हेच विचारलं.

"49.8."

"मग दोघंही उचलतायत."